बाला शार्क घरच्या टाकीत पाळताना: मासा सर्वांत शेवटी आणा

बाला शार्क बहुतेक घरांत चुकीच्या क्रमाने येतो. दुकानात तो सहा-सात सेंटिमीटरचा, चंदेरी, काळ्या काठांच्या परांचा आणि क्षणभरही स्वस्थ न बसणारा मासा असतो. त्याच दिवशी दोन मासे पिशवीत भरून आणले जातात आणि घरात आधीपासून असलेल्या दोन-तीन फुटी टाकीत सोडले जातात. मोठी टाकी, पुरेसा फिल्टर आणि घट्ट झाकण यांचा विचार मात्र काही महिन्यांनी, बहुधा एक मासा सकाळी जमिनीवर सापडल्यानंतर, सुरू होतो. हा मासा पूर्ण वाढल्यावर ३० ते ३५ सेंटिमीटर लांब होतो, नीट सांभाळला तर दहा वर्षांच्या आसपास जगतो आणि तेवढा सगळा काळ पोहत असतो. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच पार पाडावेत. मासा सातव्या टप्प्यावर येतो आणि त्याआधीच्या सहा टप्प्यांना साधारण दोन महिने लागतात, हे आधीच गृहीत धरावे.

१. मासा ओळखणे आणि टाकीचे माप ठरवणे

प्रथम आपण नेमका कोणता मासा घेणार आहोत याची खात्री करावी, कारण ‘शार्क’ या नावाखाली विकले जाणारे गोड्या पाण्यातले मासे खरे शार्क नसतात आणि एकमेकांचे जवळचे नातेवाईकही नसतात. बाला शार्क, ज्याला सिल्व्हर शार्क असेही म्हणतात, हा रोहू-कटल्याच्या गटातला मासा आहे. त्याच्या अंगावर स्पष्ट, मोठे खवले असतात, तोंडाशी मिशा नसतात आणि पाठीच्या, पोटाच्या व शेपटीच्या परांना काळा काठ असतो. तोंडाशी मिशा आणि गुळगुळीत, खवले नसलेले अंग दिसले तर तो बहुधा इरिडेसंट शार्क म्हणजे पंगास असतो. तो एक मीटरहून लांब वाढतो आणि कोणत्याही घरगुती टाकीत त्याला जागा देता येत नाही.

बाला शार्क थव्याने राहतो. एकटा मासा सतत घाबरलेला असतो, तर दोन-तीन ठेवल्यास त्यांतला दांडगा मासा दुबळ्याचा पाठलाग करत राहतो. पाच ते सहा मासे ही माझ्या मते किमान संख्या आहे. पूर्ण वाढलेल्या सहा माशांसाठी २४० सेंटिमीटर लांब, ७५ सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर उंच, म्हणजे आठ फुटी टाकी हवी. रुंदीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण ३० सेंटिमीटरचा मासा वेगात येऊन वळतो तेव्हा ४५ सेंटिमीटर रुंदीत त्याचे नाक काचेवर आपटते. उंच टाकी शोभिवंत दिसली तरी या माशाला तिचा उपयोग नसतो. त्याला लांब, मोकळा आडवा पट्टा लागतो.

इशारा: ‘मासा टाकीच्या मापाप्रमाणे वाढतो’ हे वाक्य ऐकले की सावध व्हावे. लहान टाकीत वाढ खुंटते ती पाणी खराब राहिल्यामुळे आणि हालचाल कोंडल्यामुळे. अशा माशाचा कणा वाकतो आणि तो अकाली मरतो. ‘आता लहान टाकीत ठेवू, पुढे मोठी घेऊ’ हा बेतही सहसा तडीस जात नाही, कारण चांगल्या पाण्यात पहिल्या वर्षातच माशाची लांबी दुपटीहून अधिक होते.

२. जागा आणि वजन

वर सांगितलेल्या टाकीत काठोकाठ १,०८० लिटर पाणी मावते. पाणी काठापासून पाच सेंटिमीटर खाली ठेवले तरी ते सुमारे ९९० लिटर, म्हणजेच तेवढेच किलो असते. १२ मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला ३० किलो भरते, त्यामुळे रिकामी टाकीच १७० किलोच्या पुढे जाते. वाळू, लाकूड, स्टँड आणि खालचा संप (मुख्य टाकीखाली फिल्टरसाठी ठेवलेली लहान टाकी) धरून एकूण भार १,४०० किलोच्या आसपास पोहोचतो आणि तो दोन चौरस मीटरहूनही कमी जागेवर पडतो. घरगुती स्लॅब सामान्यतः चौरस मीटरला दीडशे ते दोनशे किलोच्या वापरभारासाठी आखलेला असतो. म्हणून तळमजला सोडून कुठेही टाकी ठेवायची असेल तर स्थापत्य अभियंत्याला प्रत्यक्ष जागा दाखवून विचारावे. टाकी भिंतीलगत आणि तुळईवर आडवी बसेल अशी जागा खोलीच्या मध्यापेक्षा सुरक्षित असते, पण हा निर्णय अंदाजाने घेऊ नये.

जागा ठरवतानाच आणखी तीन गोष्टी पाहाव्यात: पाण्याचा नळ आणि सांडपाण्याची मोरी टाकीपासून नळीच्या टप्प्यात आहे का, टाकीवर थेट ऊन येते का, आणि टाकीशेजारून दरवाजा उघडतो का. हा मासा अचानक हालचालीने दचकतो. जिच्यासमोरून सतत ये-जा असते अशा अरुंद मार्गिकेत टाकी ठेवली तर दिवसातून अनेकदा तो काचेवर धडकतो.

३. टाकी बसवणे आणि झाकण

स्टँड पाणसळीने दोन्ही दिशांनी तपासून घ्यावा आणि त्यावर फोमची शीट टाकून मगच टाकी ठेवावी. सिलिकॉन पूर्ण वाळले आहे याची टाकी तयार करणाऱ्याकडून खात्री करून घ्यावी. पहिले पाणी चार हप्त्यांत भरावे आणि प्रत्येक हप्त्यानंतर पाण्याची पातळी दोन्ही टोकांना मोजावी. भरताना किती लिटर पाणी गेले याची नोंद ठेवावी. पुढे औषधाची मात्रा ठरवताना हाच आकडा लागतो आणि त्या वेळी तो अंदाजाने काढणे धोक्याचे असते.

तपासणी: भरलेली टाकी ४८ तास तशीच ठेवावी. सांध्यांवर कोरडा कागद फिरवून पाहावा. कागद ओला झाला तर टाकी रिकामी करून दुरुस्त करावी, बाहेरून सिलिकॉन फासून वेळ मारून नेऊ नये.

झाकणाविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण या माशांचे घरांतले मृत्यू आजारापेक्षा उडीमुळे अधिक होतात असे मी इतक्या वर्षांत पाहत आलो आहे. माझ्याकडचा पहिला मोठा बाला शार्क फिल्टरच्या नळीसाठी ठेवलेल्या चार बोटांच्या फटीतून बाहेर गेला. उरलेली सगळी टाकी मी काळजीपूर्वक झाकली होती आणि ती एक फट मला किरकोळ वाटली होती. झाकण टाकीच्या पूर्ण तोंडावर असावे, वजनदार असावे किंवा त्याला कडी असावी, आणि नळ्या व वायरी जिथून आत येतात त्या जागा जाळीने किंवा स्पंजच्या तुकड्याने बंद कराव्यात. हवेसाठी सबंध झाकण उघडे ठेवण्याची गरज नसते, बारीक छिद्रांची जाळी पुरते. संपमध्ये पाणी उतरण्याच्या तोंडावरही जाळी बसवावी, म्हणजे लहान मासे तिकडे ओढले जाणार नाहीत.

४. फिल्टर, हीटर आणि पाण्याचा प्रवाह

फिल्टर आजच्या माशासाठी घेऊ नये, पूर्ण वाढलेल्या माशासाठी घ्यावा. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होते. म्हणजे सात सेंटिमीटरचा मासा २८ सेंटिमीटरचा झाला की त्याचे वजन सुमारे ६४ पट झालेले असते, आणि त्याचे खाणे व मलमूत्रही कित्येक पटींनी वाढलेले असते. पहिली सहा महिने ‘फिल्टर उत्तम चालतो आहे’ असे वाटण्याचे आणि त्यानंतर पाणी एकाएकी बिघडण्याचे कारण हेच आहे.

हजार लिटरच्या टाकीसाठी खाली संप असलेली रचना सर्वांत सोयीची असते. पंपाने तासाला टाकीच्या चार ते सहापट पाणी फिरवावे. त्यात आधी गाळ अडवणारा स्पंज किंवा लोकर, आणि नंतर जिवाणूंना राहायला सच्छिद्र माध्यम, असा क्रम ठेवावा. दोन वेगळे कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचे, बंद डब्यातले फिल्टर) लावले तरी चालते. एक बंद पडला तर दुसरा चालू राहतो, हा त्याचा फायदा आहे. याखेरीज टाकीच्या एका टोकाला प्रवाह निर्माण करणारा पंप बसवावा, कारण हे मासे वाहत्या पाण्यातले आहेत आणि प्रवाहाच्या विरुद्ध पोहताना ते सर्वांत निवांत दिसतात.

तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस ठेवावे. एका मोठ्या हीटरऐवजी ३०० वॅटचे दोन घ्यावेत. एकाचा थर्मोस्टॅट अडकून तो चालूच राहिला तर हजार लिटर पाणी तापायला वेळ लागतो आणि चूक लक्षात येते. हीटर संपमध्ये ठेवावेत, कारण दचकलेला मोठा मासा काचेचा हीटर सहज फोडतो.

तपासणी: सगळे चालू करून मुख्य पंपाची वीज बंद करावी. टाकीतून खाली उतरणारे पाणी संपमध्ये मावते का ते पाहावे. मावत नसेल तर संपमधली नेहमीची पातळी कमी करून खूण करून ठेवावी. ही चाचणी न करणाऱ्यांना वीज गेल्यावर ओली जमीन पाहावी लागते.

५. आतली मांडणी

मांडणी साधी ठेवावी. दोन-तीन सेंटिमीटर बारीक वाळू, दोन्ही टोकांना गुळगुळीत लाकूड किंवा गोल दगड, आणि मधला सगळा पट्टा मोकळा. धारदार कडांचे दगड टाळावेत. मागची काच आणि शक्य असल्यास एक बाजू गडद रंगाच्या कागदाने झाकावी, म्हणजे माशांना टाकीची सीमा कळते. मऊ पानांच्या वनस्पती हे मासे कुरतडतात, त्यामुळे लाकडाला बांधलेले अ‍ॅन्युबियस आणि जावा फर्न पुरेत.

टाकीतला दिवा अंधाऱ्या खोलीत एकदम लावू नये. आधी खोलीतला दिवा लावावा आणि दहा-पंधरा मिनिटांनी टाकीतला लावावा. बंद करताना उलट क्रम ठेवावा.

६. माशांशिवाय पाणी पिकवणे

सर्वाधिक चुका याच टप्प्यावर होतात. दोन दिवस पाणी फिरवले आणि ते स्वच्छ दिसले म्हणजे टाकी तयार झाली असे नव्हे. माशांच्या उत्सर्जनातून अमोनिया तयार होतो, एक प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे त्याचे नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी आहेत, आणि हे जिवाणू पुरेशा संख्येने वाढायला सहसा चार ते सहा आठवडे लागतात.

पाण्यातील क्लोरीन घालवणारे द्रावण प्रथम वापरावे. साधे क्लोरीन पाणी साठवून ठेवल्यास उडून जाते, पण क्लोरामाइन तसे जात नाही, म्हणून ‘एक दिवस ठेवलेले पाणी’ नेहमीच सुरक्षित असते असे मानू नये. त्यानंतर अमोनियम क्लोराइड किंवा सुगंध व साबण न मिसळलेला शुद्ध अमोनिया लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम होईल इतका घालावा आणि तापमान २७ अंशांच्या आसपास ठेवावे. थेंबांनी मोजण्याच्या टेस्ट किटने एक दिवसाआड अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच मोजून वहीत लिहावे. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा तेवढाच घालावा.

चालू, निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज किंवा माध्यम मिळाले तर हा काळ बराच कमी होतो. जुन्या टाकीतले पाणी ओतून मात्र विशेष काही साधत नाही, कारण हे जिवाणू पृष्ठभागांना चिकटून राहतात, पाण्यात फारसे नसतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सगळे थांबल्यासारखे वाटले तर पाण्याची क्षारता, म्हणजे पीएच घसरू न देण्याची पाण्याची क्षमता, तपासावी. हे जिवाणू काम करताना क्षारता खर्च करतात, आणि पीएच ६ च्या जवळ घसरला की त्यांचे काम जवळजवळ बंद पडते. अशा वेळी थोडे पाणी बदलावे किंवा खाण्याचा सोडा अगदी थोड्या प्रमाणात घालावा.

तपासणी: लिटरला २ मिलिग्रॅम अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, आणि हे लागोपाठ तीन वेळा झाले, तरच टाकी तयार झाली असे समजावे. त्यानंतर साठलेले नायट्रेट काढण्यासाठी निम्म्याहून अधिक पाणी बदलावे.

७. मासे निवडणे आणि वेगळे ठेवणे

आता मासे आणावेत, आणि सहाही एकाच वेळी, साधारण एकाच मापाचे आणावेत. दुकानात किमान पंधरा मिनिटे उभे राहून पाहावे. पर पसरलेले असावेत, दोन्ही कल्ले सारखे उघडत-मिटत असावेत, पोट आत गेलेले नसावे, अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके नसावेत. टाकीतला एखादा मासा जरी वाळूवर अंग घासताना दिसला तरी त्या टाकीतले कोणतेच मासे घेऊ नयेत.

सुमारे दोनशे लिटरच्या, झाकण असलेल्या वेगळ्या टाकीत त्यांना चार आठवडे ठेवावे. तिच्यातला स्पंज फिल्टर सहाव्या टप्प्यापासूनच मोठ्या टाकीत चालवून पिकवलेला असावा. सर्व मासे एकदमच आणले असतील तर ते सरळ मोठ्या टाकीत सोडावेत असे काही जण सांगतात. मला ते पटत नाही, कारण आजार निघाला तर हजार लिटरला पुरेल इतके औषध घालावे लागते आणि वाळू व लाकूड त्यातले काही शोषून घेतात.

इशारा: या चार आठवड्यांत मोठी टाकी उपाशी ठेवू नये. दोन-तीन दिवसांनी थोडा अमोनिया घालत राहावे, अन्यथा पिकवलेले जिवाणू घटतात. मासे सोडण्याच्या दोन दिवस आधी हे थांबवावे आणि पाणी मोजावे.

पांढरे ठिपके दिसले तर औषध ठिपके जाईपर्यंत देऊन थांबवणे ही नेहमीची चूक आहे. परजीवी माशाच्या कातडीखाली असताना औषध त्याला लागू पडत नाही, पाण्यात मोकळा पोहत असतानाच तो मरतो. म्हणून ठिपके दिसेनासे झाल्यावरही औषधाच्या सूचनेप्रमाणे उपचार पूर्ण करावा, त्या काळात फिल्टरमध्ये औषध शोषून घेणारा कोळसा असेल तर तो काढून ठेवावा आणि हवा वाढवावी.

८. पाण्यात सोडणे

दुकानातून आणलेले मासे वेगळ्या टाकीत सोडताना पुढील काळजी घ्यावी. दुकान जवळ असेल तर पिशवी बंदच ठेवून वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, मग मासे व पाणी बादलीत घेऊन टाकीतले पाणी बारीक नळीने थेंबथेंब अर्धा-पाऊण तास सोडावे. मासे कित्येक तास पिशवीत राहिले असतील तर मात्र हा थेंबांचा उपाय करू नये. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो आणि त्यामुळे अमोनियाचा विषारीपणा दबलेला असतो. पिशवी उघडताच पीएच चढू लागतो आणि त्याच पाण्यात मासा भाजून निघतो. अशा वेळी केवळ तापमान जुळवावे आणि मासे लगेच टाकीत सोडावेत. दोन्ही प्रकारांत पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

पहिल्या दिवशी टाकीतला दिवा बंद ठेवावा, खाद्य घालू नये आणि झाकण पुन्हा एकदा पाहावे. पहिल्या तीन रात्री उड्यांचा धोका सर्वाधिक असतो.

पुढे कधी मोठा मासा पकडावा लागला तर तो जाळ्यात उचलून हवेत धरू नये. खवले निघतात आणि तडफडीत मणक्यालाही इजा होते. दोन जाळ्यांनी त्याला बुडवलेल्या मोठ्या प्लास्टिकच्या टबात वळवावे आणि पाण्यासह टब उचलावा.

९. खाद्य आणि सोबती

बाला शार्क मिश्राहारी आहे. चांगल्या प्रतीचे दाणेदार खाद्य हा मुख्य भाग ठेवून त्यात स्पिरुलिना, साल काढलेले उकडलेले मटार, गोठवलेली कोळंबी आणि ब्लडवर्म आलटून पालटून द्यावे. सस्तन प्राण्यांचे चरबीयुक्त मांस देऊ नये. लहान माशांना दिवसातून तीनदा, मोठ्यांना दोनदा, आणि दर वेळी दोन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य द्यावे. ते टाकीच्या पूर्ण लांबीवर पसरावे, नाहीतर दांडगा मासाच सगळे खातो. आठवड्यातून एक दिवस मोठ्या माशांना उपास चालतो.

सोबतीला टिनफॉइल बार्ब, सिल्व्हर डॉलर, क्लाउन लोच किंवा मोठ्या जातीचे रेनबो चालतात, पण त्यांची संख्या जागा आणि फिल्टर पाहूनच ठरवावी. निऑन टेट्रा, गप्पी आणि लहान झिंगे ठेवू नयेत. बाला शार्क स्वभावाने शांत असला तरी तोंडात मावणारा जीव तो खातो. लांब परांचे संथ मासे त्याच्या धावपळीने त्रासतात, आणि ऑस्करसारखे आक्रमक मासे त्यालाच त्रास देतात.

१०. दर आठवड्याचे काम

दर आठवड्याला ३० ते ४० टक्के पाणी बदलावे, म्हणजे तीनशे ते चारशे लिटर. १५ लिटरच्या बादलीने हे करायचे तर वीस-पंचवीस बादल्या बाहेर आणि तितक्याच आत न्याव्या लागतात, आणि दोन महिन्यांत कंटाळा येऊन काम टळू लागते. दुसऱ्या टप्प्यात नळ आणि मोरी जवळ असावी असे म्हटले ते याचसाठी. सायफनच्या नळीने तळाचा गाळ काढत पाणी सोडावे. नवे पाणी नळातून थेट भरणार असाल तर क्लोरीननाशकाची मात्रा बदललेल्या पाण्यापुरती न घेता सबंध टाकीच्या हिशेबाने, भरण्याआधी घालावी. तापमानात दोन अंशांहून अधिक फरक पडू देऊ नये.

फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. नळाच्या पाण्यातले क्लोरीन जिवाणू मारते. सगळे माध्यम एकाच दिवशी धुऊ नये.

तपासणी: पाणी बदलण्याआधी अमोनिया आणि नायट्राइट शून्य, आणि नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आत, शक्यतो २० च्या आसपास असावे. नायट्रेट महिनोन्महिने हळूहळू चढत असेल तर मासे वाढले आहेत आणि पाणी बदलण्याचे प्रमाणही वाढवायला हवे, असा त्याचा अर्थ घ्यावा.

११. वीज गेल्यावर

मोठे, सतत पोहणारे मासे ऑक्सिजन वेगाने संपवतात, आणि कोमट पाण्यात तो मुळातच कमी असतो. २५ अंशांना लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ८.२ मिलिग्रॅम विरघळतो, ३० अंशांना ७.५. म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप टाकीशेजारी कायम तयार ठेवावा आणि महिन्यातून एकदा चालवून पाहावा. वीज गेली की तो लगेच लावावा, दिवे बंद ठेवावेत आणि खाद्य थांबवावे. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले तर पेल्याने पाणी उचलून वरून ओतत राहावे. फार वेळ लागला तर थोडे ताजे, क्लोरीनविरहित पाणी बदलावे.

कॅनिस्टर फिल्टर काही तास बंद राहिला तर त्यातल्या साचलेल्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि जिवाणू मरू लागतात. वीज आल्यावर तो तसाच चालू करू नये. आधी नळी टाकीबाहेर काढावी, आतले पाणी मोरीत ओतावे, माध्यम टाकीच्या पाण्यात हलकेच विसळावे आणि मग फिल्टर जोडावा. पुढचे तीन दिवस खाद्य निम्मे ठेवून रोज अमोनिया आणि नायट्राइट मोजावे.